डाव्या पायाचे काम

ट्रक चालवणाऱ्याच्या दोन पायांमध्ये कामाची वाटणी मोठी विषम आहे. उजव्या पायाकडे ॲक्सिलरेटर आणि ब्रेक, म्हणजे गाडी पळवणे त्याच्याकडे आणि आवरणेही त्याच्याकडेच. डाव्या पायाकडे एकटा क्लच. गाडी वेळेवर पोचली, एखादा अपघात टळला, की ड्रायव्हरचे कौतुक होते, पण "वा, क्लच काय छान दाबलात!" असे कोणी कोणाला म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही. गिअर टाकताना खरखर झाली म्हणजे मात्र केबिनमधले सगळे मान वळवून ड्रायव्हरकडे पाहतात.

माझे मामा ट्रक दुरुस्त करतात. बेळगावाबाहेर महामार्गालगत त्यांचे गॅरेज आहे. सुट्टीत मी तेथे पाने उचलून देण्यापासून चहा आणण्यापर्यंत पडेल ते काम करतो. भौतिकशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला तेथे काडीची किंमत नाही, आणि ते योग्यच आहे. तथापि गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एका क्लचच्या पेडलाने पाठ्यपुस्तकातली दोन-तीन प्रकरणे माझ्यापुढे अशी उलगडून ठेवली, की ती हकिगत येथे लिहावीशी वाटली.

पुढे नाक असलेला, म्हणजे इंजिन केबिनच्या पुढे बॉनेटखाली असलेला तो जुना ट्रक बेळगावची भाजी घेऊन चोर्ला घाटाने गोव्याला जातो. रात्री कोबी, फ्लॉवर, मिरची, टोमॅटो भरायचे, जांबोटी-कणकुंबीवरून घाट उतरायचा, साखळीमार्गे पहाटेचा बाजार गाठायचा आणि दुपारपर्यंत परत फिरायचे. गोव्यातल्या कित्येक घरांत शिजणारी भाजी अशीच रातोरात घाट उतरून गेलेली असते. या ट्रकवरचे ड्रायव्हर अण्णा मूळचे बैलहोंगलकडचे. वय साठीच्या घरात आणि डावा गुडघा दुखरा. ते मराठी बोलतात ती कन्नड वळणाने, आणि आमचे मामा कन्नड बोलतात ते मराठी वळणाने. त्यामुळे दोघांचे छान जमते.

ट्रकचा जुना गिअरबॉक्स ज्याला कॉन्स्टंट मेश म्हणतात त्या जातीचा होता. या गिअरबॉक्सात गिअर बदलायचा म्हणजे क्लच दाबून न्यूट्रल करायचे, क्लच सोडायचा, खालचा गिअर हवा असेल तर मध्येच ॲक्सिलरेटरला एक हिसका द्यायचा, आणि पुन्हा क्लच दाबून गिअर टाकायचा. ड्रायव्हर लोक याला डबल क्लच म्हणतात. आत फिरणाऱ्या दोन भागांचा वेग जुळवण्याचे काम गिअरबॉक्स करत नाही, ते ड्रायव्हरने कानाने आणि पायाने करायचे. जुन्या ड्रायव्हरांना या कसबाचा अभिमान असतो, आणि तो असावाही. पण अभिमान मनात असतो आणि दाबायचे काम गुडघ्याला करावे लागते. सिंक्रोमेश गिअरबॉक्सात आतल्या पितळी कड्या घासून वेग आपोआप जुळवतात, त्यामुळे क्लच एकदाच दाबावा लागतो. ही युक्ती १९२८ साली अमेरिकेत कॅडिलॅक मोटारीत प्रथम आली. आपल्याकडच्या मालाच्या ट्रकांत ती सर्रास दिसायला पुढे कित्येक दशके जावी लागली.

तेव्हा मालकांनी ठरवले, की मोडीत निघालेल्या एका नव्या ट्रकचा सिंक्रोमेश गिअरबॉक्स या ट्रकला बसवायचा. अण्णांच्या गुडघ्यासाठी हे केले असे ते सांगतात. जुन्या गिअरबॉक्सचे सुटे भाग मिळेनासे झाले होते हेही खरे आहे. दोहोंपैकी वजनदार कारण कोणते याचा निवाडा मी करत नाही. हे काम आमच्याकडे आले नव्हते, दुसऱ्या एका गॅरेजात झाले. गिअरबॉक्स त्यांनी उत्तम बसवला होता, हे आधीच सांगून टाकतो. घोटाळा झाला तो पेडलाचा.

जुन्या ट्रकचे क्लचचे पेडल केबिनच्या तळातून वर आलेले होते. त्याची बिजागरी खाली चेसिसवर होती आणि तेथून लोखंडी दांड्यांची साखळी क्लचपर्यंत गेली होती. नव्या गिअरबॉक्सचा क्लच हायड्रोलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा. त्याला दांड्या लागत नाहीत. पेडल वरून टांगलेले असते, ते दाबले की मास्टर सिलिंडरातले तेल नळीतून खाली स्लेव्ह सिलिंडरात जाते आणि तेथला दट्ट्या क्लचचा फोर्क ढकलतो. म्हणून जुने पेडल कापून काढावे लागले, आणि मोडीतल्या ट्रकचे टांगते पेडल मास्टर सिलिंडरसकट आणून केबिनच्या पुढच्या पत्र्याला चार बोल्टांनी आवळून टाकण्यात आले. गिअरबॉक्स बदलण्याच्या कामात पेडल नेहमी शेवटी येते. तोवर सगळे थकलेले असतात, मालक दारात उभा असतो आणि ट्रकला रात्री भाजी भरायची असते.

अमेरिकेत ही अडचण वेगळ्या वाटेने येते. तिकडच्या पिकअप ट्रकांत बहुसंख्य गाड्या ऑटोमॅटिक, म्हणजे त्यांना क्लचचे पेडलच नसते. हौशी लोक घरच्या गॅरेजात अशा गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स काढून हाताने टाकायच्या गिअरचा बसवतात. गिअरबॉक्स, क्लच प्लेट, फ्लायव्हील हे सगळे विकत मिळते. पेडलाची चौकट मात्र तशाच जुन्या गाडीतून भंगारवाल्याकडे शोधत हिंडावे लागते. काही गाड्यांत दोन्ही प्रकारांसाठी पुढचा पत्रा एकच वापरलेला असतो, त्यामुळे ऑटोमॅटिक गाडीच्या पत्र्यावरही क्लचच्या भोकांच्या खुणा दाबलेल्या सापडतात. अशा खुणा सापडल्या की निम्मे काम झाले. आमच्या ट्रकच्या केबिनला असल्या खुणा कोठून असणार? ती एका बॉडीवाल्याने ठोकून उभी केलेली, साध्या पत्र्याची.

ट्रक नव्या गिअरबॉक्सनिशी घाटात जाऊ लागला आणि आठवड्याभरात रिव्हर्स टाकताना ओरडू लागला. मग पहिला गिअर कुरकुरायला लागला, मग दुसरा. त्या गॅरेजवाल्यांनी तेलात हवा राहिली असेल म्हणून तीनदा हवा काढली. क्लच प्लेटही बदलून पाहिली. काही फरक पडेना, तेव्हा त्यांनी निकाल दिला, की ड्रायव्हर म्हातारा आहे, आयुष्यभर डबल क्लच मारला, त्याला नवा गिअरबॉक्स जमत नाही. यंत्रात दोष सापडला नाही की तो माणसात काढणे ही पद्धत कोठे नाही? मालकांनाही ते पटले असावे. एक तरुण ड्रायव्हर येऊन ट्रक फिरवूनही गेला. रिव्हर्स त्याच्या हातूनही तितकाच ओरडला. पण तो म्हणाला, "नवीन गाडी आहे, हात बसेल," आणि त्याचे ते म्हणणे ग्राह्य धरले गेले!

आमच्या गॅरेजात ट्रक आणला तो अण्णांनी, स्वतः होऊन, एका रविवारी. मालकांना सांगून आले होते की नाही हे मामांनी विचारले नाही. अण्णा एवढेच म्हणाले, "मिस्त्री, पाय खालपर्यंत जातोय बघा. पण शेवटाला काहीतरी मऊ लागतंय."

या एका वाक्यात सगळे निदान होते. ते ऐकायला मात्र मामांचे कान हवेत. मी सरळ म्हणालो, "हवा असेल." हायड्रोलिक क्लच मऊ लागला की कोणीही हेच म्हणेल, कारण तेल दाबले जात नाही पण हवा दाबली जाते. मामांनी केबिनमध्ये बसून पेडल भराभर चार वेळा मारले आणि पाचव्या वेळी दाबून धरले. "हवा असती तर असं मारल्यावर पायडल वर आलं असतं, घट्ट झालं असतं," ते म्हणाले. "हे होतं तिथंच आहे. हवा नाही ही. तू बॉनेटवर चढ आणि मी दाबतो तेव्हा मास्टरकडं बघ."

मी पाहिले. पेडल शेवटाला जाताना तो मास्टर सिलिंडर चक्क माझ्या दिशेने पुढे आला, आणि पेडल सोडताच मागे गेला. त्याच्याभोवतीचा पत्रा श्वास घेतल्यासारखा फुगत होता आणि बसत होता. मामांनी पट्टी मागवली. पत्रा पाच मिलिमीटर सरकत होता.

पाच मिलिमीटर म्हणजे काय, असे वाटेल. मलाही वाटले. पण आपल्या पुस्तकातली तरफ आणि पास्कलचा नियम तेथे लावून पाहिला तेव्हा त्या पाच मिलिमीटरांचे मोल कळले. बिजागरीपासून पायाच्या पट्टीपर्यंत त्या पेडलाची लांबी ३३ सेंटीमीटर, आणि मास्टर सिलिंडरची दांडी जोडलेली आहे ती बिजागरीपासून साडेपाच सेंटीमीटरवर. म्हणजे सहास एक. पाय १५० मिलिमीटर जातो तेव्हा दांडी २५ मिलिमीटर जाते. त्यांतले पाच पत्र्याने खाल्ले, उरले वीस. वरचा सिलिंडर एक इंची, खालचा एक सूत कमी सव्वा इंची, म्हणजे एक इंच एक सूत. क्षेत्रफळांच्या प्रमाणात खालचा दट्ट्या पूर्ण पंचविसाला जवळजवळ वीस मिलिमीटर हलायला हवा, तो सोळाच्या आत राहिला. पुढे फोर्क हे अंतर निम्मे करतो. बेअरिंगला मिळायला हवे होते दहा मिलिमीटर, मिळत होते आठाच्या आत; आणि त्यातलेही पहिले एक-दोन बेअरिंग व क्लचची बोटे यांच्यामधल्या मोकळ्या फटीतच संपत होते. क्लच प्लेट फ्लायव्हीलपासून सुटायला लागते ती फट मिलिमीटरच्या आसपासची. अण्णांचा पाय तळाला टेकलेला, आणि प्लेट अजून किंचित चिकटलेली, फिरती. फिरत्या गिअरात गिअर टाकला की तो ओरडणारच. ओरडणे परवडले, त्या ओरडण्यात नव्या गिअरबॉक्सच्या पितळी कड्या रोज थोड्या थोड्या झिजत होत्या.

ताकदीचा हिशेब याच्या उलट दिशेने जातो. पायाने वीस किलोचा भार दिला की तरफेच्या टोकाला तो सहापट होतो. एकशेवीस किलो. म्हणजे एक दणकट माणूस आणि वर अर्धे पोते धान्य, आणि हे सगळे पेलणार कोण, तर मिलिमीटरभर जाडीचा पत्रा! ज्या नव्या ट्रकचे ते पेडल होते त्याच्या केबिनला त्या जागी कारखान्यातच जाड पट्टी घातलेली असते. पेडल आणले, पट्टी मागे राहिली.

मामांनी दुरुस्ती केली ती पाहण्यासारखी होती. पत्र्याच्या दोन्ही बाजूंनी पाच मिलिमीटर जाडीच्या लोखंडी प्लेटा, पत्रा मध्ये चिमटलेला, आणि बोल्ट आरपार. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. "पत्रा जाड केला म्हणून काय झालं? प्लेटसकट सगळा पत्रा वाकेल की," असे म्हणून त्यांनी पेडलाच्या चौकटीपासून मागे, स्टीअरिंगच्या दांड्याला जो आडवा आधार असतो त्याच्यापर्यंत, एक तिरकी पट्टी वेल्ड केली. आता पेडल, पत्रा आणि तो आधार यांचा त्रिकोण झाला. पाय पुढे रेटतो तो धक्का आता एकट्या पत्र्याकडे न जाता त्या पट्टीतून मागे वाटला जातो. त्रिकोणाचे तिन्ही कोन ठरलेले, तो मोडल्याशिवाय आकार बदलत नाही, हे आपण भूमितीत शिकतो. मामा सातवीपर्यंत शिकले आहेत.

दांडी सरळ बसवण्याचा प्रश्न आणखी नाजूक. पेडल बिजागरीभोवती फिरते, म्हणून त्याला जोडलेले दांडीचे टोक कमानीत जाते. सिलिंडरातला दट्ट्या मात्र सरळ रेषेत जातो. दांडी सुरुवातीला थोडी एका बाजूला, मध्यावर सरळ आणि शेवटाला थोडी दुसऱ्या बाजूला अशी वाटून द्यावी लागते. तसे नाही केले तर दट्ट्या एका अंगाला घासतो, आतले रबर कडेने खाल्ले जाते, आणि काही महिन्यांनी ब्रेक ऑईल ड्रायव्हरच्या चपलेवर ठिबकू लागते. आधीच्या गॅरेजात दांडी शेवटाला बरीच तिरकी होत होती. मामांनी सिलिंडरखाली पाचर घालून ती जागेवर आणली.

आणि मग तो मिलिमीटर! पेडल पूर्ण मागे आले असताना दांडी व दट्ट्या यांच्यामध्ये साधारण एक मिलिमीटर ढील ठेवावी लागते. मास्टर सिलिंडरमध्ये एक सुईएवढे भोक असते, दट्ट्या पूर्ण मागे गेला की ते उघडते आणि तेल वरच्या डबीत परत जाऊ शकते. ढील नसेल तर भोक झाकलेलेच राहते. घाटात इंजिन तापते, तेल तापून फुगते, त्याला परतीची वाट नसते, आणि कोणी पाय न लावता क्लच आपणहून किंचित दाबला जातो. मग चढावर इंजिन ओरडते, गाडी ओढत नाही, आणि क्लच प्लेट जळाल्याचा तो ओळखीचा वास केबिनमध्ये येतो. मामांनी पेडलाला मागे एक थांबा लावला, दांडी फिरवून ढील ठेवली आणि चेकनट आवळला. "ढील नको म्हणून घट्ट आवळणारा मिस्त्री," ते म्हणाले, "तो महिन्यात परत येणारं गिऱ्हाईक तयार करतोय बघ." यात काही टोमणा होता की नाही ते मला सांगता येत नाही.

इथपर्यंतचे सगळे गणितात बसणारे. पुढचे बसले नाही, आणि मला त्यातच जास्त रस वाटला.

पेडल मजबूत झाले, पण ते असावे कोठे? किती उंच, किती डावीकडे, सीटपासून किती दूर? मी म्हणालो, ज्या ट्रकचे पेडल आहे त्याची मापे घेऊ या. मामांनी ऐकून घेतले आणि अण्णांना सीटवर बसवले. रोज बसता तसे बसा, चप्पल तीच घाला, पाठीमागे ती घडी घातलेली चादर असते ती ठेवा. मग एका जाड खोक्याचा पुठ्ठा कापून त्यांनी पेडलाचा आकार केला, वरच्या टोकाला खिळ्याची बिजागरी केली आणि तो अण्णांच्या पायापुढे धरायला मला लावला.

"अण्णा, डोळं मिटा आणि पाय उचला. क्लच दाबायचाय असं समजा."

अण्णांनी डोळे मिटले. पाय उचलला. तो जेथे आला ती जागा मला वाटली होती त्यापेक्षा चार बोटे खाली होती आणि जरा उजवीकडे. मामांनी खडूने खूण केली. पुन्हा करायला सांगितले, पुन्हा खूण केली. पाच वेळा. पाचही खुणा एका रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या असत्या. चाळीस वर्षांत त्या पायाने जागा पाठ करून ठेवली होती, आणि ती कोणत्याही कारखान्याच्या नकाशात नव्हती.

मग दाबून पाहणे. पुठ्ठा पुढे नेत नेत मामा विचारत होते आणि अण्णा सांगत होते, "इन्ना स्वल्प... इन्ना... साकु." शेवटाला गुडघा पूर्ण सरळ होता कामा नये, कारण सरळ झालेल्या पायात जोर राहत नाही आणि सगळा ताण दुखऱ्या जागेवर येतो. आधीच्या गॅरेजात पेडल इतके पुढे बसवले होते, की अण्णांना शेवटची दोन बोटे दाबण्यासाठी सीटवरून घसरून पुढे यावे लागे. हे त्यांनी कोणाला सांगितले नव्हते. विचारले असते तर सांगितले असते.

उंचीच्या बाबतीत मामांचा नियम असा, की क्लच आणि ब्रेक यांच्या पट्ट्या एका पातळीवर हव्यात, म्हणजे दोन्ही पाय एकदम उचलावे लागले तर कमरेला हिसका बसत नाही. पण येथे एक नवी अडचण निघाली. नव्या गिअरबॉक्सचे कवच जुन्यापेक्षा रुंद, त्यामुळे केबिनच्या मधला उंचवटा डाव्या पायाच्या जागेत घुसला होता. क्लच न दाबता पाय ठेवायचा कोठे? ती जागा नसली की ड्रायव्हर नाइलाजाने पाय पेडलावरच टेकवून ठेवतो. क्लच अर्धवट दाबला जातो आणि बेअरिंग रात्रभर फिरत राहते. म्हणून पेडलाचा हात वाकवून पट्टी दोन सेंटीमीटर उजवीकडे घेतली. हात वाकवला की दाब बिजागरीच्या रेषेत राहत नाही, पेडल पिळवटते, जुना आखूड बुश लवकर झिजतो. त्यासाठी उद्यमबागेतल्या एका लेथवरून साठ मिलिमीटर लांबीचा पितळी बुश करून आणला. त्या कामाला वीस मिनिटे लागली, आणि लेथवाल्याच्या चहाला पाऊण तास.

मग तेल भरणे, हवा काढणे. ते सर्वांना माहीत आहे. एकाने दाबायचे, एकाने खालचा नट सोडायचा, "दाब", "धरलंय", "सोड", असे जोवर बुडबुडे थांबत नाहीत तोवर. दाबण्याचे काम माझ्याकडे होते.

सगळे झाल्यावर अण्णा बसले, क्लच दाबला, रिव्हर्स टाकला. काहीच ऐकू आले नाही. त्यांनी तो काढला आणि पुन्हा टाकला. मग मामांकडे न पाहता, स्टीअरिंगवर हात ठेवून म्हणाले, "हगुर ऐति." हलका आहे. बस्स, एवढेच.

दुसऱ्या रात्री मी त्यांच्याबरोबर चोर्ल्याने गेलो. क्लीनर गावी गेला होता आणि मला हिशेब पुरा करायचा होता. कणकुंबीच्या पुढे धुके होते. अण्णा एकेक वळण गिअर खाली घेऊन उतरत होते आणि मी प्रत्येक वेळी बोटाने वहीवर रेघ ओढत होतो. बेळगाव ते साखळी, क्लच १४७ वेळा दाबला गेला. वीस किलोप्रमाणे हा भार भरला २,९४० किलो. मागे भाजी सात टन होती, त्यांतले तीन टन एका डाव्या पायाने पुन्हा उचलले असे म्हणायला हरकत नाही. डबल क्लचचा जुना गिअरबॉक्स असता तर हीच रेघोट्यांची रांग दुप्पट झाली असती. मी हे अण्णांना सांगितले. ते हसले आणि म्हणाले, "मोजू नको रे. मोजलं की दुखतंय."

१ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. ड्रायव्हरला उकाड्याचा त्रास होतो हे कायद्याच्या लक्षात आले, याचा आनंदच आहे. अण्णांचा ट्रक त्या तारखेच्या फार अलीकडचा, आणि त्याला वारा येतो तो खिडकीतून. गुडघ्याबद्दल अजून कोठे काही लिहून आल्याचे मी वाचलेले नाही.

मालक चार दिवसांनी आले. त्यांनी खाली वाकून ती तिरकी पट्टी पाहिली, हाताने पेडल दाबून पाहिले, पत्र्यावर बोटांनी टकटक केले. तरुण ड्रायव्हरची गोष्ट कोणी काढली नाही. बिल पाहून त्यांनी गिअरबॉक्सच्या खर्चाच्या मानाने हे काहीच नाही असे म्हटले, आणि त्यातले दोनशे रुपये कमी करून घेतले. तो पुठ्ठ्याचा नमुना खडूच्या खुणांसकट गॅरेजात खिळ्याला टांगलेला आहे. महिन्याने ट्रक पुन्हा आला तेव्हा मामांनी चारी बोल्ट तपासले. एकच पाव फेरा आवळावा लागला. पट्टीवरचे रबर आताच डाव्या कडेने गुळगुळीत व्हायला लागले आहे. पुढच्या खेपेला ते बदलायचे ठरले आहे.